तीन मशिनांमागे एक माणूस

लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला, समुद्रकाठी, लाँग बीच नावाचं बंदराचं शहर आहे. वस्ती साडेचार लाखांच्या आसपास. २०२५ च्या सप्टेंबरात तिथल्या काही मोठ्या किराणा दुकानांत गिऱ्हाइकं नेहमीसारखी दूध, पाव, केळी घेऊन सेल्फ-चेकआउटच्या मशिनांकडे गेली, तर मशिनं बंद. शेजारी पाटी लावलेली, की शहराच्या नव्या नियमामुळे ही सोय सध्या देता येत नाही.

नियम नुकताच लागू झाला होता. लाँग बीचच्या नगरपरिषदेने ऑगस्टमध्ये तो मंजूर केला आणि त्याला नाव दिलं ‘सेफ स्टोअर्स आर स्टाफ्ड स्टोअर्स’, म्हणजे माणसं असलेली दुकानंच सुरक्षित. मोठी किराणा दुकानं आणि औषधदुकानं त्याच्या कक्षेत येतात. दुकानात सेल्फ-चेकआउट ठेवायचं असेल तर तीन मशिनांमागे निदान एक कर्मचारी उभा हवा, आणि त्या वेळात त्याला दुसरं कुठलंही काम सांगायचं नाही. गिऱ्हाइकाने मशिनावर पंधरापेक्षा जास्त वस्तू आणायच्या नाहीत. कुलपात ठेवलेला किंवा चोरीविरोधी बिल्ला लावलेला माल मशिनावर चालणार नाही. आणि माणूस बसलेला निदान एक गल्ला उघडा पाहिजे. नियम मोडला तर दंड.

एखाद्या नगरपरिषदेने रस्त्यावरचे खड्डे आणि कचऱ्याच्या गाड्या सोडून एका बाईने एकाच वेळी किती मशिनांवर लक्ष ठेवावं हे मोजत बसावं, याचं पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हसू येईल. मलाही आलं होतं. पण दुकानातलं काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालायला शंभरावर वर्षं झाली, आणि त्यावर अमेरिकेत कायदे व्हायला पाऊणशे. त्या कायद्यांच्या रांगेत लाँग बीचचा नियम ठेवून पाहिला की तो वाटतो तितका विचित्र राहत नाही. तो जे बोलतो आणि जे बोलायचं टाळतो, ते दोन्ही जुनंच आहे.

आपल्याकडे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे वाढलेल्या माणसाला १९१६ च्या आधीचं अमेरिकी किराणा दुकान समजावून सांगावं लागत नाही. फळीच्या अलीकडे गिऱ्हाईक, पलीकडे नोकर. गिऱ्हाइकाने यादी सांगायची, नोकराने पिंपातून साखर काढायची, तोलायची, बांधायची, वहीत उधारी मांडायची, हवं तर घरी पोचवायची. या सगळ्याचा खर्च मालाच्या किमतीत मिसळलेला असे. क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या गृहस्थाच्या डोळ्यांत तो खर्च खुपला. सप्टेंबर १९१६ मध्ये त्याने टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात, ७९ जेफरसन अ‍ॅव्हेन्यू या पत्त्यावर, ‘पिगली विगली’ हे दुकान उघडलं. आत शिरायला फिरतं फाटक. हातात टोपली. मग एकाच दिशेने नागमोडी जाणारी वाट, दोन्ही बाजूंना फळ्यांवर मांडलेला आणि किंमत लिहिलेला माल. मधूनच परत फिरायची सोय नाही, त्यामुळे साबणासाठी आलेल्या माणसाला मुरंब्याच्या बाटल्यांसमोरून जावंच लागे. वाट संपली की बाहेर पडायच्या तोंडावर गल्ला.

सॉन्डर्सने या मांडणीचं पेटंट १९१७ मध्ये मिळवलं. उधारी नाही, घरपोच नाही, हिंडणारे नोकर नाहीत, आणि म्हणून माल स्वस्त. काही वर्षांत पिगली विगलीची बाराशेवर दुकानं झाली. १९२३ मध्ये हा माणूस वॉल स्ट्रीटवर आपल्याच कंपनीच्या शेअरांवरून दलालांशी भिडला आणि सगळं गमावून बसला. मेम्फिसमध्ये गुलाबी संगमरवराचा जो महाल तो बांधत होता, तोही हातचा गेला. आज तिथे संग्रहालय आहे आणि त्यात त्याच्या पहिल्या दुकानाची प्रतिकृती मांडलेली आहे. त्याच्या धंद्याच्या या बाजूवर स्वतंत्र लेख होईल.

इथे महत्त्वाचं आहे ते वाटेच्या टोकाचं. जुन्या दुकानात नुसता पैसे घेणारा असा वेगळा माणूस बहुधा नसे. जो साखर तोली तोच पैसेही घेई. गिऱ्हाईक स्वतः माल उचलू लागलं तेव्हा दारापाशी त्याला अडवून, टोपलीतल्या वस्तू मोजून, पैसे घेणारं कुणीतरी लागू लागलं. किराणा दुकानातल्या गल्ल्यावरच्या कॅशियरची नोकरी आज आपण ओळखतो त्या रूपात स्वयंसेवेतून आली. पुढे लाखो बायकांनी त्या नोकरीवर संसार चालवले, तिच्यासाठी युनियनने करार केले, आणि १९१६ मध्ये जे नवं खूळ होतं ते शंभर वर्षांनी जुनी, चांगली, माणसांची पद्धत म्हणून वाचवायची वेळ आली.

खुद्द सॉन्डर्सला मात्र हा गल्लाही नको होता. १९३७ मध्ये त्याने मेम्फिसमध्येच ‘कीडूझल’ काढलं. काचेमागे मालाचे नमुने, गिऱ्हाइकाच्या हातात एक किल्ली. हव्या त्या नमुन्याशेजारच्या भोकात ती घालायची, मागच्या बाजूला वस्तू पट्ट्यावर पडून बाहेर सरकत येणार. यंत्रं सतत बिघडत, पट्ट्यावरचा एकाचा माल दुसऱ्याला जाई. दोन-तीनदा उघडून ते बंद पडलं. १९५३ मध्ये तो गेला तेव्हाही डोक्यात तसलीच आणखी एक योजना होती.

कायदा या गोष्टीत शिरला तो किराण्याच्या बाजूने नाही, पेट्रोल पंपावरून.

१९४९ मध्ये न्यू जर्सीत, हॅकेन्सॅक गावाजवळ रूट १७ या हमरस्त्यावर, आयर्विंग रेनगोल्ड या माणसाने चोवीस पंपांचं स्टेशन टाकलं. गाडीवाल्याने स्वतःच उतरून नळी लावायची. आसपासच्या पंपांवर गॅलनला २१.९ सेंट पडत असताना हा १८.९ सेंटला देई. गाड्यांची रांग हमरस्त्यावर यायला लागली. शेजारचे पंपवाले आधी त्याला भाव वाढवायला सांगून थकले. मग त्याच्या स्टेशनवर कुणीतरी गोळ्या झाडल्या आणि त्याने काचा बदलून बुलेटप्रूफ बसवल्या, असं तो पुढे सांगत असे. शेवटी पंपवाले राज्याच्या विधिमंडळात गेले, आणि त्याच वर्षी गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने पेट्रोल भरण्यावर बंदी आली.

कायद्याचं नाव होतं रिटेल गॅसोलीन डिस्पेन्सिंग सेफ्टी अ‍ॅक्ट. त्यात तीन सेंटांचा उल्लेख कुठेही नव्हता. त्यात होती आग, वाफ, पेटती सिगारेट, अनाडी हात. रेनगोल्ड कोर्टात गेला. १९५१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो कायद्याच्या बाजूने: पेट्रोल धोक्याचं आहे, आणि लोकांच्या सुरक्षिततेसाठी नियम करणं हा राज्याचा अधिकार आहे. आज, पाऊण शतकानंतरही, न्यू जर्सीत गाडीवाल्याने स्वतः नळी हातात घ्यायची नाही.

त्याच १९५१ मध्ये पश्चिमेकडच्या ओरेगनने तसलाच कायदा केला. ओरेगनच्या कायदापुस्तकात या बंदीची कारणं पुढे सतरा कलमांत मांडलेली होती. इतक्या प्रामाणिक कायद्याचं मला कौतुक वाटतं. आग लागेल, पावसाने ओल्या झालेल्या जमिनीवर गिऱ्हाईक घसरेल, वाफा नाकात जातील, आईबाप पैसे द्यायला गेले की मुलं गाडीत एकटी राहतील, म्हाताऱ्यांना आणि अपंगांना त्रास होईल. आणि त्या गर्दीतच एका जागी सांगून टाकलेलं, की स्वयंसेवेने बेकारी वाढते. न्यू जर्सीने जी गोष्ट तोंडाबाहेर काढली नव्हती, ती ओरेगनने निदान सतरांतली एक म्हणून नोंदवली.

मॅसॅच्युसेट्समधल्या वेमथसारख्या गावांनी राज्याची वाट न पाहता आपापल्या हद्दीत बंदी घातली. म्हणजे एका गावात स्वतः भरायचं, वेस ओलांडली की गाडीतच बसून राहायचं. स्थानिक नियमांचं हे असंच असतं. गिऱ्हाइकाला काय चालेल ते नकाशा ठरवतो.

ओरेगनने बंदी ऑगस्ट २०२३ मध्ये उठवली, तीही संपूर्ण नाही. मोठ्या वस्तीच्या जिल्ह्यांत स्वयंसेवेचे पंप माणूस असलेल्या पंपांपेक्षा जास्त असता कामा नयेत, आणि दोन्हीकडे भाव एकच. रेनगोल्डचे तीन सेंट बाद. बंदी गेली आणि तिच्या जागी प्रमाण आलं. लाँग बीचच्या ‘तिनांमागे एक’ या आकड्याचा जवळचा नातेवाईक शोधायचा तर तो इथे, पंपावर सापडतो.

किराण्यात यंत्राने पाऊल टाकलं त्याची तारीख नेमकी आहे. २६ जून १९७४, ओहायोतल्या ट्रॉय गावचं मार्श सुपरमार्केट. च्युइंगमचं एक लांब पाकीट, किंमत ६७ सेंट, बारकोड वाचणाऱ्या यंत्रावरून सरकलं. युनियनने आणि ग्राहक संघटनांनी तेव्हा धोका ओळखला, पण वेगळ्या ठिकाणी. त्यांना भीती होती ती डब्यांवरच्या किमतीच्या चिकटपट्ट्या जाण्याची. पट्टी गेली की ती चिकटवणारं पोर गेलं, आणि गिऱ्हाइकाला गल्ल्यावर किती लावलं हेही कळेनासं झालं. म्हणून मिशिगनने १९७६ मध्ये प्रत्येक वस्तूवर किंमत हवीच असा कायदा केला. इतर काही राज्यांनी आणि गावांनीही केले. त्या कायद्याचं कारण म्हणून पुढे केलं गेलं ते ग्राहकाचं हित, आणि ते खोटं नव्हतं. मिशिगनचा कायदा २०११ मध्ये रद्द झाला.

गिऱ्हाइकानेच स्कॅन करायची कल्पना १९८० च्या दशकातली. फ्लोरिडातल्या डेव्हिड हंबल या इंजिनिअरने किराण्याच्या रांगेत ताटकळताना ती सुचली असं सांगितलेलं आहे. त्याच्या ‘चेकरोबोट’ची चाचणी क्रोगर साखळीने १९८६ मध्ये अटलांटाजवळच्या दुकानात घेतली. ते यंत्र पैसे घेत नसे. गिऱ्हाइकाने पट्ट्यावर माल स्कॅन करून सोडायचा, पलीकडे एक जण पिशव्या भरणार, आणि पावती घेऊन मधल्या कॅशियरकडे जायचं. माणसं होतीच, फक्त मागे सरकली होती. पैसेही स्वतःच घेणारी मशिनं पुढच्या दशकात आली आणि २००० नंतर पसरली.

दक्षिण कॅलिफोर्नियात ती पसरली त्याला एक पार्श्वभूमी आहे. ११ ऑक्टोबर २००३ पासून व्हॉन्स, अल्बर्टसन्स आणि राल्फ्स या तीन साखळ्यांमधले साठ-सत्तर हजार कर्मचारी काम सोडून दुकानांबाहेर होते. काही संपावर, काहींना मालकांनीच टाळं लावून बाहेर ठेवलेलं. भांडण आरोग्यविम्याचं. मालकांचं म्हणणं, वॉलमार्ट येतंय, त्याच्या पगारांशी आम्हाला टिकायचं आहे. साडेचार महिने चाललं. फेब्रुवारी २००४ च्या अखेरीस करार झाला तो युनियनला जड गेला: जुन्यांना एक दर, नव्याने येणाऱ्यांना त्याहून कमी. गल्ल्यावरची नोकरी, जिच्यावर एकेकाळी घर घेता येई, ती तिथून उतरणीला लागली. आणि संपाने जे मिळत नाही ते नगरपरिषदेच्या सभागृहात मिळू शकतं, हा धडाही युनियनने त्याच सुमारास घेतला. शेजारच्या इंगलवूड शहरात वॉलमार्टने थेट जनमत घेऊन परवानग्या टाळायचा प्रयत्न केला, तो एप्रिल २००४ मध्ये मतदारांनी फेटाळला.

नोव्हेंबर २००७ मध्ये इंग्लंडच्या टेस्कोने ‘फ्रेश अँड ईझी’ या नावाने दक्षिण कॅलिफोर्नियात छोटी दुकानं उघडायला सुरुवात केली. त्यांत नेहमीचा गल्ला नव्हताच. सगळीकडे स्वतः स्कॅन करायचं, मदतीला एखाद-दुसरा कर्मचारी. आणि युनियन नाही. युनाइटेड फूड अँड कमर्शियल वर्कर्स ही किराणा कर्मचाऱ्यांची मोठी युनियन त्यांच्या मागे लागली. तरी जो कायदा झाला तो पगाराबद्दल बोलला नाही, युनियनबद्दल बोलला नाही. तो बोलला दारूबद्दल. फिओना मा या सॅन फ्रान्सिस्कोच्या आमदार बाईंचं विधेयक होतं: गिऱ्हाइकाने स्वतः चालवायच्या गल्ल्यावर दारू विकायची नाही, कारण अल्पवयीन मुलं आणि झिंगलेली माणसं मशिनाच्या नजरेतून सुटतात. राज्यपाल जेरी ब्राउन यांनी ऑक्टोबर २०११ मध्ये सही केली आणि १ जानेवारी २०१२ पासून बियरची बाटली माणसाच्या हातून जाऊ लागली. टेस्को दोन वर्षांत तिथून गेली. कारणं बरीच होती, दारूचा नियम त्यांतलं लहान.

मुलांच्या हाती दारू पडू नये हे कारण बनावट होतं असं मी म्हणत नाही. पेट्रोलला आग लागते हेही खरंच. पण १९४९ पासून प्रत्येक वेळी कायदा ज्याच्यासाठी झाला त्याचं नाव दुसऱ्याच कलमात, किंवा कुठेच नाही. याला लबाडी म्हणण्याआधी अमेरिकी कायद्याची अडचण पाहावी लागते. दुकानदाराने किती माणसं कामावर ठेवावीत हे ठरवायचा सरळ अधिकार शहराला सहसा मिळत नाही. कामगार आणि मालक यांच्या वाटाघाटीचं क्षेत्र १९३५ च्या केंद्रीय कायद्याने बांधून घेतलेलं आहे, तिथे स्थानिक संस्थेने तोंड घातलं की कोर्ट विचारतं, तुझं काय काम? मात्र लोकांचं आरोग्य आणि सुरक्षितता सांभाळणं हे राज्याचं आणि शहराचं जुनं काम. तेव्हा नोकरी वाचवायची असेल तरी बोलायचं सुरक्षिततेच्या भाषेत. ज्याला कोर्टात टिकायचं आहे तो दुसरं काय करणार?

२०२१ मध्ये लाँग बीचने ही भाषा थोडी बाजूला ठेवून पाहिली. कोविडचे दिवस. सगळे घरात आणि किराण्याची माणसं गल्ल्यावर. त्या जानेवारीत शहराने मोठ्या साखळ्यांना आदेश दिला, की १२० दिवस प्रत्येक कर्मचाऱ्याला तासाला चार डॉलर जादा द्या. ‘हिरो पे’ म्हणून तो गाजला. कॅलिफोर्निया ग्रोसर्स असोसिएशन या दुकानदारांच्या संघटनेने लगेच दावा लावला. त्यांचं म्हणणं तेच, शहर वाटाघाटीत हात घालतंय. क्रोगरने वेगळंच उत्तर दिलं. फेब्रुवारीच्या पहिल्याच दिवशी जाहीर केलं, की लाँग बीचमधली आपली दोन दुकानं, एक राल्फ्स आणि एक फूड फोर लेस, एप्रिलमध्ये कायमची बंद होणार. ती आधीपासूनच नीट चालत नव्हती असा खुलासा कंपनीने केला. एप्रिलमध्ये ती बंद झाली. दुकानाबाहेर कर्मचारी फलक घेऊन उभे राहिले. १२० दिवसांच्या जादा पगाराच्या बदल्यात दोन दुकानं कायमची गेली.

कोर्टात मात्र शहर जिंकलं. जिल्हा न्यायालयाने स्थगिती नाकारली आणि २०२२ मध्ये वरच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानेही संघटनेचा दावा फेटाळला. किमान दर ठरवणं म्हणजे वाटाघाटीत शिरणं नव्हे, असं न्यायाधीशांनी मानलं. नगरपरिषदेला आपल्या हातात किती आहे ते कळलं. दुकानदारांनाही आपल्या हातात काय आहे ते कळलं होतं: कुलूप.

मधल्या काळात मशिनांचं नशीब सरळ चढत गेलं नाही, हे सांगायला हवं. २०११ मध्ये अल्बर्टसन्सने आपल्या बऱ्याच दुकानांतून ती काढून टाकली होती, कारण गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलणं त्यांना धंद्याचं वाटलं. पुढे पुन्हा आणली. इंग्लंडच्या बूथ्स साखळीने २०२३ मध्ये दोन दुकानं वगळता सगळीकडून उचलली. टार्गेटने मार्च २०२४ पासून आपल्या बहुतेक दुकानांत मशिनावर दहाच वस्तूंची मर्यादा घातली. लाँग बीचच्या पंधरापेक्षा ती कडक, आणि कुठल्याही नगरपरिषदेने सांगितलेली नव्हती. शिवाय मशिनांवर चोरीचा प्रश्न होता, आणि चोरीपेक्षा धूसर अशी एक गोष्ट होती: महागडी फळं तोलताना केळ्यांचं बटण दाबणारं, एरवी सज्जन गिऱ्हाईक. स्वतः स्कॅन करायच्या पद्धतीत माल जास्त गळतो हे ब्रिटनमधल्या अभ्यासांनी दाखवलं होतंच. मशीन ज्या बाईचा पगार वाचवायला आणलं तिची नजरही तो पगार वाचवताना गेली, हे हिशेबात उशिरा आलं.

अ‍ॅमेझॉनने तर गल्ला आणि मशीन दोन्ही काढले होते. २०१८ मध्ये सिअ‍ॅटलला उघडलेल्या दुकानात माल उचलायचा आणि चालायला लागायचं, छताचे कॅमेरे बिल करणार. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने आपल्या मोठ्या किराणा दुकानांतून ही व्यवस्था मागे घेतली तेव्हा बातम्या आल्या, की भारतातले सुमारे हजार लोक ते व्यवहार तपासत बसत. कंपनीने या वर्णनाला हरकत घेतली. ही माणसं चित्रीकरणाला खुणा करून यंत्राला शिकवतात, थेट गिऱ्हाइकांवर पाळत ठेवत नाहीत, असं तिचं म्हणणं. दोन्ही बाजू मान्य केल्या तरी माणसं होती हे उरतंच. चेकरोबोटमध्ये ती गल्ल्याच्या मागे सरकली होती. इथे समुद्रापलीकडे.

कॅलिफोर्नियात २०२४ हे चोरीच्या चर्चेचं वर्ष होतं. ९५० डॉलरांच्या आतल्या चोरीला सौम्य ठरवणारा २०१४ चा निर्णय मतदारांनी नोव्हेंबरात मोठ्या बहुमताने कडक करून घेतला. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या सिनेटर लोला स्मॉलवूड-क्यूव्हास यांनी राज्याच्या सिनेटमध्ये विधेयक आणलं: दोन मशिनांमागे एक कर्मचारी, पंधरा वस्तू, निदान एक माणसाचा गल्ला. सोबत आणखी एक कलम, ज्याने दुकानदार जास्त चिडले: नवं तंत्रज्ञान आणण्याआधी त्याचा नोकऱ्यांवर काय परिणाम होईल याचा अहवाल द्या आणि कर्मचाऱ्यांना आगाऊ कळवा. सिनेटमध्ये विधेयक पार झालं, खालच्या सभागृहात अडकलं. इतर राज्यांतही असे प्रयत्न झाले होते. ओरेगनच्या कामगार संघटनांनी दुकानामागे दोनच मशिनांची मर्यादा जनमताला टाकायचं ठरवलं होतं, ते मतपत्रिकेपर्यंत पोचलं नाही. ऱ्होड आयलंडमधलं २०२३ चं एक विधेयक मला विशेष आवडतं. त्यात आठ मशिनांची मर्यादा तर होतीच, वर दहा किंवा त्याहून जास्त वस्तू स्वतः स्कॅन करणाऱ्या गिऱ्हाइकाला बिलात दहा टक्के सूट द्या असं म्हटलं होतं. काम करता तर पगार घ्या. रेनगोल्डला ते पटलं असतं.

राज्यात अडकलेलं कलम मग शहरात उतरलं. लाँग बीचच्या नियमात नोकऱ्यांवरच्या परिणामाचा अहवाल नाही. राज्याच्या विधेयकातली दोन मशिनं इथे तीन झाली. उरलं ते नावाप्रमाणे सुरक्षिततेभोवती रचलेलं: एकटी बाई सहा-आठ मशिनांमध्ये धावते, कुणाचा दारूचा लाल दिवा लागलाय, कुणाचं वजन जुळत नाही, कुणी भरलेली ढकलगाडी घेऊन दाराकडे निघालाय, आणि त्याला अडवलं तर शिवी किंवा ठोसा. युनियनच्या लोकल ३२४ या स्थानिक शाखेने कर्मचाऱ्यांचे असेच अनुभव पुढे ठेवले. ते खरे आहेत याबद्दल मला शंका नाही. चोरी रोखणं हे कॅशियरचं काम नव्हतं. मशिनांनी ते तिच्या अंगावर टाकलं. ‘दुसरं कुठलंही काम सांगायचं नाही’ हे छोटं कलम मला म्हणून सगळ्यात वजनदार वाटतं. आकडा तीन असो की चार, त्या आठ तासांत तिला मध्येच फळ्या लावायला, फोन उचलायला पाठवता येत नाही.

दुकानदारांच्या संघटनेचा मुद्दा असा, की हे सुरक्षिततेच्या आडून माणसं लादणं आहे. खर्च वाढेल, किमती वाढतील, दुकानं मशिनं बंद करतील, रांगा लांबतील. पहिला आरोप मला बराचसा खरा वाटतो, आणि त्याने माझं मत बदलत नाही. तीन सेंट झाकायला आग पुढे करणाऱ्या पंपवाल्यांइतकं हे आडवळणाचं नाही. गल्ल्यावरच्या बाईची सुरक्षितता आणि गल्ल्यावरच्या बाईची नोकरी या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात असं मानणारेच यात आडवळण शोधतील. न्यू जर्सीच्या कायद्याने पंपमालकांचा नफा राखला होता. इथे निदान जिच्या नावाने कायदा केला तिच्याजवळ तो पोचायची शक्यता आहे.

शक्यता, एवढंच. कारण मशिनं बंद पडतील हे संघटनेचं भाकीत पहिल्याच आठवड्यांत काही दुकानांपुरतं खरं झालं, आणि ते खरं करणं त्या दुकानांच्याच हातात होतं. म्हातारी गिऱ्हाइकं खूश झाली, दुपारच्या सुटीत सँडविच घ्यायला धावत आलेली माणसं वैतागली. शेजारच्या कोस्टा मेसात आणि खुद्द लॉस एंजेलिसमध्येही असाच नियम करायची चर्चा सुरू झाली, आणि तिथले दुकानदार लाँग बीचच्या रांगांकडे बोट दाखवू लागले.

नियमाचा मजकूर पुन्हा वाचला तर त्यात एक फट दिसते. सेल्फ-चेकआउट ठेवलंत तर तिनांमागे एक माणूस, असं तो सांगतो. ठेवलंच पाहिजे असं कुठे नाही. सगळी मशिनं झाकून ठेवली की प्रमाणाचा प्रश्नच येत नाही. मशिनं चालू ठेवणाऱ्या दुकानालाही माणसाचा गल्ला निदान एक उघडा हवा, आणि तो आकडा एकवरच थांबतो. दुसरा, तिसरा, चौथा गल्ला उघडायचा की नाही, आणि त्यावर बसणारीला आठवड्याला किती तास द्यायचे, हे अजूनही युनियन आणि साखळी यांच्या करारात ठरतं. २००४ मध्ये ठरलं होतं तिथेच.